तवंगाखालचा रस्सा

दिवाळी अंकात चकली-करंजीच्या शेजारी मटणाच्या रश्श्याची समीक्षा छापलेली पाहून काही वाचक भुवया उंचावतील, हे मी धरूनच चाललो आहे. परंतु समीक्षा आणि स्वयंपाकघर यांचे नाते आजकालचे नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना दाखला दिला तो जेवणाचाच : नाना व्यंजने एकत्र येऊन जसा अन्नाचा रस सिद्ध होतो, तसा नाना भावांच्या संयोगाने नाट्याचा. आम्ही टीकाकारांनी तो शब्द उचलून नेला आणि ज्या पातेल्यातून उचलला त्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिले नाही. आज थोडी परतफेड करावी म्हणतो. विषय आहे नागपूरची सावजी खाणावळ.

बाहेरगावच्या वाचकांसाठी ओळख करून दिली पाहिजे. महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या जुन्या नागपुरातल्या गल्ल्यांतून हिंडताना घराच्याच पुढच्या खोलीत थाटलेली भोजनालये दिसतात आणि पाटीवर 'सावजी' हा शब्द असतो. ही मूळची आदरार्थी हाक. हलबा-कोष्टी समाजात, म्हणजे विणकरांच्या समाजात, ती रूढ होती. पुढे तीच त्यांच्या जेवणाचे नाव झाली. पाटीवर ते असले म्हणजे बाकीचे वर्णन कोणी वाचत नाही. मटण, कोंबडी, खूर, सुंदरी, पाटवडी, सोबत पोळी किंवा भात, कांदा आणि लिंबू. एवढ्यावर संपते.

या खाणावळीचा एक दूरचा भाऊबंद अमेरिकेत आहे. तिकडे त्याला डायनर म्हणतात. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीकार स्कॉट नव्हे, हा वर्तमानपत्राच्या छापखान्यातला गडी) घोडागाडीवर खाण्याचे दुकान मांडले. रात्रपाळीच्या कामगारांना त्या वेळी दुसरीकडे काही मिळत नसे. त्या गाड्या पुढे मोठ्या झाल्या, चाके सोडून एका जागी बसल्या, कारखान्यात तयार होऊन गावोगाव जाऊ लागल्या आणि शेवटी रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, चकचकीत पोलादी खाणावळ हीच अमेरिकन शहराची एक खूण होऊन बसली. १९४२ मध्ये एडवर्ड हॉपरने 'नाइटहॉक्स' हे चित्र रंगवले. रात्रीचा ओस रस्ता, काचेआडचा उजेड आणि एकमेकांशी न बोलणारी चार माणसे. ते आज शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. आणि हेन्री फोर्ड तरुणपणी डेट्रॉइटमध्ये ज्या रात्रीच्या गाडीवर खात असे, ती गाडी त्याने १९२७ साली विकत घेऊन आपल्या संग्रहात नेऊन ठेवली.

डायनरला घाट होता, म्हणून तो राहिला. पोलादाची भिंत जपता येते, गोल फिरणारे स्टूल जपता येते. सावजी खाणावळीला वास्तू म्हणून काहीच नव्हते. एक खोली, दोन-चार बाके, आत चूल. तिच्यापाशी जपण्याजोगे जे काही होते ते सगळे पातेल्यात होते, आणि पातेले रोज रात्री घासून उपडे घालतात. म्हणून सावजीबद्दल बोलायचे तर चवीबद्दलच बोलले पाहिजे, आणि नेमके तेच कोणी करीत नाही. लोक फक्त तिखटाबद्दल बोलतात.

नागपूरच्या विणकरीला भोसल्यांच्या राजवटीत बरे दिवस आले. रेशीमकाठी लुगड्यांना राजवाड्याचे गिऱ्हाईक होते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पाठोपाठ राज्य खालसा झाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सम्राज्ञीपदाची द्वाही फिरत होती, म्हणून मिलचे नाव एम्प्रेस. मागावरचा विणकर हळूहळू मिलच्या भोंग्याकडे कान लावून बसू लागला. जे मागावरच राहिले त्यांची कमाई वर्षागणिक आटत गेली. त्यांच्यातल्या काहींनी घरचा मसाला बाहेर आणला आणि खाणावळ घातली. जेवायला येणारेही बहुतेक आपलेच : विणकर, मिल कामगार, इतवारीचे हमाल, रिक्षावाले.

या गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहिले म्हणजे पाकशास्त्र उलगडते. खूर, मुंडी, कलेजी आणि 'सुंदरी' या गोंडस नावाने ओळखली जाणारी आतडी : बोकडाचे जे भाग श्रीमंताच्या ताटात जात नाहीत, ते इथे मानाने बसतात. स्वस्त भागाला चव आणायची तर मसाला तेवढा समर्थ हवा. धणे, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, शहाजिरे, काळी मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, जायपत्री हे सारे वेगवेगळे भाजून, पाट्यावर पाण्याच्या हाताने वाटलेले. दाटपणासाठी काजू-मलई नव्हे, ज्वारीचे भाजलेले पीठ. तेल पूर्वी जवसाचे असे. बत्तीस मसाल्यांची कथा प्रत्येक जण सांगतो. मी कधी मोजले नाहीत, आणि मोजून रस्सा कळतो असे मला वाटत नाही.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीत संवाद, विरोध आणि समतोल शोधले. त्यांनी कोष्ट्याच्या घरचा रस्सा चाखला असता तर उदाहरणासाठी फार लांब जावे लागले नसते, असा माझा आपला समज आहे. चांगला सावजी रस्सा लाल नसतो, काळपट असतो. वर तेलाचा तवंग, ज्याला नागपूरकर तर्री म्हणतात. पहिल्या घासाला जिभेवर येते ते भाजलेले खोबरे आणि खसखस. मग दगडफुलाचा तो किंचित मातकट, पावसाळी वास. आणि तिखट येते सर्वांत शेवटी, घशाशी, तेही मिरचीपेक्षा मिरी-लवंगेचे अधिक. ते चढत जाते, एकदम अंगावर येत नाही. जो रस्सा पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढतो, तो करणाऱ्याने मसाल्याचे कष्ट मिरचीच्या पुडीवर ढकललेले असतात. भिवापूरची मिरची नागपूर जिल्ह्याचीच, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि ती गुणाची आहेच. पण तबला चांगला आहे म्हणून गवयाने गायचे थांबवावे काय?

कसोटीच लावायची तर मी पाटवडीची लावीन. बेसन शिजवून, थापून, वड्या कापून रश्श्यात सोडलेल्या. मटण परवडत नाही त्या दिवशीचे आणि वर्ज्य असते त्या दिवशीचेही हे जेवण. मटणाच्या रश्श्यात चरबी पुष्कळ दोष झाकते. पाटवडीत झाकायला काही नाही. मसाला कच्चा राहिला की लगेच उघडा पडतो. नवशिक्या खवय्याला ती दुय्यम वाटते. मला विचाराल तर सावजीचे खरे व्याकरण पाटवडीतच आहे.

आणि हे व्याकरण रचले कोणी? पाटीवर नाव पुरुषाचे, गल्ल्यावर पुरुष, वाढायला पुरुष. मसाला वाटणारे हात मात्र आतल्या खोलीत, बाईचे. ज्या हातांनी दिवसा मागासाठी कांड्या भरायच्या त्यांनीच पाट्यावर बसायचे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. निदान त्यांच्या श्रमाला एक नाव मिळाले. गिरणी कामगाराला नारायण सुर्वे मिळाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचे, 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. नागपुरी रश्श्याच्या वाट्याला त्या तोलाचे शब्द आलेले माझ्या वाचनात नाहीत. पोटभर जेवून आलेले लेखक मात्र मी बरेच पाहिले आहेत.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. भोंगा गेला, रात्रपाळी गेली, मध्यरात्री जेवायला येणारा माणूस गेला. या समाजाच्या नावाचा वादही त्याच सुमारास निकाली निघाला : अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा' या नोंदीत 'हलबा-कोष्टी' बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसते ती विसंगती एवढीच, की कागदावर ज्यांना आपल्या नावासाठी भांडावे लागले, त्यांची आदरार्थी हाक आज महामार्गावरच्या कोणत्याही ढाब्याच्या पाटीवर फुकट झळकते. पुण्या-मुंबईत सावजी मिळते, पुडीतही मिळते. त्यातले पुष्कळसे म्हणजे नेहमीचीच आमटी, वर दोन चमचे जास्तीचे तिखट. तरुण मंडळी पैज लावून खातात, घाम पुसत एकमेकांची छायाचित्रे काढतात. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांना कोणी दुसरे काही दाखवलेच नाही. पण ज्याची वास्तू नाही, चित्र नाही, काव्य नाही, त्याची चवही 'जहाल' या एका विशेषणात कोंबली, तर उरणार काय?

जुन्या वस्तीतल्या काही घरांत मात्र अजून तो काळपट रस्सा शिजतो. संध्याकाळी घरून स्टीलचा डबा घेऊन आलेली मुले दारात उभी असतात. घरच्या पोळ्या, बाहेरचा रस्सा, अशी ती व्यवस्था. ज्या घरातली मंडळी खाणावळीची पायरी चढत नाहीत तिथेही डबा जातो. दिवाळीच्या गोडाने जीभ जड झाली असेल आणि पावले नागपूरकडे वळणार असतील, तर दुपारीच जावे, कारण रात्रीपर्यंत पातेल्याचा तळ दिसू लागतो. आधी पाटवडी मागावी. तर्री चमच्याने बाजूला सारून खालचा रस्सा नुसताच एकदा चाखावा. कांदा मागावा लागत नाही, लिंबू मात्र मागून घ्यावे लागते.