रडे थांबले, पण कशामुळे?

संध्याकाळ झाली की तान्हे बाळ रडू लागते आणि घरातला प्रत्येकजण कारण सांगू लागतो. दूध पुरत नसेल, आईने काही वातूळ खाल्ले असेल, उचलून घ्यायची सवय लावली असेल. कारण कोणतेही असो, बोट आईकडेच वळते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉ. पामेला डग्लस यांचे ‘द डिसकन्टेन्टेड लिटल बेबी बुक’ (२०१४) हे बोट मागे घ्यायला लावते. शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हाला वाटते, मात्र सावधपणे.

पुस्तकाचे नाव खोडकर आहे. जीना फोर्ड यांच्या ‘द कन्टेन्टेड लिटल बेबी बुक’ (१९९९) या गाजलेल्या पुस्तकात बाळाचे दूध आणि झोप घड्याळाला बांधलेली होती. त्या समाधानी बाळासमोर डग्लस यांनी असमाधानी बाळ उभे केले आहे. रडण्याकडे त्या पाच बाजूंनी पाहतात: बाळाची प्रकृती, आईची प्रकृती, दूध पाजणे, ज्ञानेंद्रियांना मिळणारे अनुभव आणि झोप. बाळ स्तनाला नीट लागलेले नसेल तर ते पिताना अंग ताणते, झगडते. ते आम्लपित्त समजून औषध देण्याची घाई होते, हे त्यांनी चांगले दाखवले आहे. झोपेचे विवेचनही स्वच्छ आहे. जागेपणी झोपेची ओढ साठत जाते आणि शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ तिला साथ देते. दिवसा खटपट करून बाळाला फार झोपवले, तर रात्रीसाठी ओढ उरणार कुठून?

आमची हरकत पुराव्याबद्दल आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास जाते आणि मग आपोआप ओसरते, असे त्यांत दिसले. म्हणजे त्या सुमारास सुरू केलेला कोणताही उपाय, मग ती बाळगुटी असो की डॉक्टरांचा सल्ला, काही आठवड्यांत यशस्वी भासणारच. म्हणून तुलनेसाठी उपाय न केलेल्या बाळांचा गट लागतो.

माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ साली हेच केले. ९९ मायलेकरांचे त्यांनी यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटातील बाळांना, रडत नसतानाही, अधिक वेळ अंगाशी घेऊन वागवले. सहाव्या आठवड्यात त्यांचे रडणे ४३ टक्क्यांनी कमी भरले. पण आधीच फार रडणाऱ्या बाळांवर बार यांनी १९९१ साली हाच उपाय तपासला, तेव्हा फायदा दिसला नाही.

डग्लस यांना ही कसोटी परकी नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांना झोपेचे वळण लावल्याने आईचे वा बाळाचे भले होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ साली सहलेखकासह केलेल्या आढाव्यात काढला. मात्र त्यांच्या स्वतःच्या संपूर्ण पद्धतीची अशी तुलना पुस्तकात आम्हाला आढळली नाही. तेथे दवाखान्यातला अनुभव आणि मातांच्या हकिकतीच पुढे येतात.

याचा भार शेवटी आईवरच पडतो. पाचही बाजू सांभाळून बाळ रडतच राहिले, तर ‘माझेच काही चुकले’ असे तिला पुन्हा वाटेल. ताप, उलट्या, वजन न वाढणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावेच. तसे नसेल, तर सहाव्या आठवड्याचा तो चढ आणि नंतरचा उतार तिला कागदावर काढून दाखवावा. एवढे काम आपल्यापैकी कोणीही शिक्षक करू शकेल.