रेन-मार्टिनचा विंचू आणि तुमचा मेथड्स चॅप्टर

पीएचडीची तयारी सुरू केली की कुणीतरी सांगतंच, "आधी रेन-मार्टिन कर." आमच्या सुरगाण्यात घरी कोकणी, शाळेत मराठी आणि एमएस्सीला एकदम इंग्रजी असा प्रवास झालेल्यांना तर या पुस्तकाचा मोठाच आधार वाटतो. १९३०च्या दशकातलं हे पुस्तक आजही विकलं जातं. पण त्यातला व्हर्बल्सचा भाग संशोधन लिहिणाऱ्याला पुरतो का?

आधी व्हर्बल म्हणजे काय ते पाहू. क्रियापदापासून बनलेला, पण वाक्याचं मुख्य क्रियापद नसलेला शब्द म्हणजे व्हर्बल. आपल्याला ही गोष्ट नवीन नाही. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शाळेच्या पुस्तकापर्यंत आपण हेच कृदंत किंवा धातुसाधित या नावाने शिकतो. 'माती वाळवणं वेळखाऊ आहे' यात 'वाळवणं' हे नाम, 'वाळलेली माती' यात विशेषण, 'वाळवून' हे अव्यय. इंग्रजीत 'ड्राइंग द सॉइल टेक्स टाइम' यात जेरंड, 'द ड्राइड सॉइल' यात पार्टिसिपल, आणि 'टू ड्राय द सॉइल, वी यूज्ड ॲन ओव्हन' यात इन्फिनिटिव्ह. सोबतचे शब्द धरले की झाला व्हर्बल फ्रेज.

रेन-मार्टिन हे तीन प्रकार तीन वेगळ्या प्रकरणांत शिकवतं. ओळखायला शिकवण्यात ते पुस्तक चोख आहे. पार्टिसिपलच्या प्रकरणात विंचवाचं उदाहरण आहे. वाक्याची रचना अशी, की फाटकाशी माणूस नाही, विंचूच उभा होता असं वाटावं. वाक्याच्या सुरुवातीच्या पार्टिसिपलचा कर्ता पुढच्या वाक्याच्या कर्त्याशी जुळला पाहिजे, हा नियम त्यातून कायमचा लक्षात राहतो.

माझी तक्रार इथून पुढे आहे. पुस्तकातली माणसं चालतात, बसतात, पळतात. आपल्या मेथड्समध्ये माणूसच नसतो, सगळं पॅसिव्हमध्ये. 'युजिंग अ पीएच मीटर, द सॅम्पल्स वेअर टेस्टेड.' मीटर सॅम्पल्सनी वापरला का? रेन-मार्टिनच्या नियमाने हे वाक्य चूक. क्वर्क आणि सहकाऱ्यांचं १९८५चं मोठं व्याकरण मात्र सांगतं, की वैज्ञानिक लेखनात न दिसणारा कर्ता लेखक स्वतः असेल, तर अशी रचना रूढ झालेली आहे. रेन-मार्टिनही 'कन्सिडरिंग'सारखे काही अपवाद देतं, पण आपल्या कामाचा नेमका हा अपवाद तिथे सापडत नाही.

म्हणजे काहीही चालतं असं नाही. हे वाक्य बघा: 'आफ्टर ड्राइंग ॲट १०५ डिग्रीज, द टेक्निशियन वेड द सॉइल.' इथे १०५ अंशांना टेक्निशियनच वाळला! मराठीत 'माती वाळवून टेक्निशियनने वजन घेतलं' यात गडबड नाही, कारण 'वाळवून'च्या आधी 'माती' आहे. इंग्रजीत उतरवताना तीच 'माती' गळाली. दुरुस्ती सोपी आहे: 'आफ्टर द सॉइल वॉज ड्राइड ॲट १०५ डिग्रीज, द टेक्निशियन वेड इट.'

दुसरा सापळा 'ईडी'चा. 'द सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम सुरगाणा इन जून.' हे वाक्यच नाही. इथे 'कलेक्टेड' म्हणजे 'गोळा केलेले', 'गोळा केले' नाही. 'वेअर' घातलं की वाक्य पुरं होतं.

आणि 'हा जेरंड की पार्टिसिपल' यावर रात्र घालवू नका. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२च्या केंब्रिज व्याकरणात 'आयएनजी'चं ते रूप एकच मानलंय, जेरंड-पार्टिसिपल. परीक्षेला फरक लागतो, प्रबंधाला एकच प्रश्न पुरतो: ही क्रिया कोणी केली, आणि ते वाचणाऱ्याला कळतं का?

हा प्रश्न नुसत्या भाषेचा नाही. तुमचं मेथड्स वाचून दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करायचा असतो. काय वाळवलं, कशाने मोजलं हे वाक्यातून निसटलं, तर त्याचा प्रयोग चुकतो आणि शंका तुमच्या निष्कर्षावर येते.

तेव्हा रेन-मार्टिन जरूर वाचा, विंचवापर्यंत नक्की वाचा. मग स्वतःचा मेथड्स चॅप्टर उघडा, प्रत्येक 'आयएनजी', 'ईडी' आणि 'टू'खाली पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला कर्ता लिहा. जिथे कर्ता लिहिता येणार नाही, ते वाक्य मोडून परत बांधा.