जैवविद्युत संकेत आणि मूत्रपिंडविकाराचे पूर्वनिदान : एक चिकित्सा

मूत्रपिंड आपल्या आजाराची वर्दी फार उशिरा देते. एक मूत्रपिंड दान केलेल्या निरोगी व्यक्तीच्या रक्तातील क्रिएटिनिन पुष्कळदा सामान्य मर्यादेत किंवा तिच्या आसपासच आढळते. रुग्णाच्या बाबतीतही गाळणक्षमता जवळजवळ निम्म्याने घटेपर्यंत हा आकडा निर्दोष दिसू शकतो. या उणिवेमुळेच संशोधकांचे लक्ष शरीरातील विद्युत संकेतांकडे वळले. अपेक्षा रास्त आहे. परंतु या पद्धतींना लावले जाणारे 'पूर्वनिदान' हे बिरूद कितपत सार्थ आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिली पद्धत जैवविद्युत अवरोधमापनाची. हातापायांना इलेक्ट्रोड लावून बहुधा ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा अत्यल्प प्रत्यावर्ती प्रवाह शरीरातून सोडला जातो. पेशींचे आवरण कपॅसिटरसारखे वागत असल्याने कमी वारंवारतेचा प्रवाह मुख्यतः पेशींबाहेरील द्रवातून वाहतो, तर उच्च वारंवारतेचा प्रवाह पेशींतूनही जातो. त्यावरून शरीरातील पाण्याचा अंदाज बांधता येतो. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये साचलेले पाणी ठरविण्यास ही पद्धत उपयुक्त आहे, हे निर्विवाद. पण तो आजाराचा अखेरचा टप्पा होय. शिवाय हातापासून पायापर्यंतच्या मापनात अवरोधाचा मोठा वाटा सडपातळ हातापायांचा असतो आणि धडाचा अगदी अल्प. मूत्रपिंडे तर धडात आहेत! या मापनातून मिळणारा 'फेज अँगल' कुपोषण, वार्धक्य व दाह यांमुळेही घटतो. तेव्हा तो मूत्रपिंडाची साक्ष देतो असे म्हणणे धाडसाचे आहे.

दुसरी पद्धत हृदयाच्या विद्युत आलेखाची, म्हणजे ईसीजीची. रक्तातील पोटॅशियम वाढले की आलेखातील 'टी' लहर उंच व टोकदार होते, हे वैद्यकाला जुने ठाऊक आहे. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनायच्या संशोधकांनी संगणकाला ईसीजीवरून दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ओळखण्यास शिकविले. रोगी व निरोगी यांतील भेद ओळखण्याचा निर्देशांक (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक) सुमारे ०.७७ आला आणि बाहेरील रुग्णांवर तो सुमारे ०.७१ पर्यंत घसरला. घसरणीपेक्षाही मूलभूत आक्षेप वेगळा आहे. संगणकास पुरविलेले उत्तर हे आधीच झालेले निदान होते. जे निदान आधीच उशिरा होते, त्यावर घडविलेली पद्धत त्याहून लवकर इशारा देते, हे त्याच सामग्रीवरून सिद्ध होत नाही.

मधुमेही रुग्णाला यंत्राने 'ठीक' म्हटले आणि त्याने लघवीतील अल्ब्युमिनची स्वस्त तपासणी टाळली, तर हानी प्रत्यक्ष आहे. तथापि अल्ब्युमिनची तपासणीही सर्वत्र पुरी पडत नाही. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातील, तसेच श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील अज्ञातकारणी मूत्रपिंडविकारात लघवीतून प्रथिने बहुधा फारशी जातच नाहीत. नव्या संकेताची खरी निकड तिथे आहे. त्याची कसोटीही तिथेच लागावी : क्रिएटिनिन व अल्ब्युमिन दोन्ही निर्दोष असलेल्या माणसांचे संकेत आज नोंदवावेत, त्यांची गाळणक्षमता पुढील काही वर्षे मोजत राहावी आणि ज्यांची घटली त्यांचे संकेत प्रारंभीच वेगळे होते काय, हे पाहावे.