सरावाचे तास आणि सरावातील अंतर : रोबोटिक शस्त्रक्रिया प्रशिक्षणाची चिकित्सा

रोबोटिक शस्त्रक्रियेचे कौशल्य सिम्युलेटरवर रुग्णाला धोका न पोहोचवता आत्मसात करता येते. तथापि या प्रशिक्षणाचे मोजमाप केवळ तासांत केले, तर दोन सरावांमधील अंतराचा विचार दुय्यम ठरतो. ही त्या मोजमापाची मूलभूत मर्यादा होय.

सरावाची ही संकल्पना भारतीय परंपरेस नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनाचा अभ्यास सांगितला आहे. साधने बदलली, परंतु हाताने शिकलेले किती काळ टिकते, हा प्रश्न कायम आहे.

टोरोंटो येथील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे चार पाठ देण्यात आले. एका गटास एकाच दिवशी, दुसऱ्यास दर आठवड्यास एक. प्रशिक्षण संपताच दोन्ही गटांत सारखीच प्रगती दिसली. महिन्यानंतर मात्र दुसरा गट बहुतेक निकषांवर सरस ठरला. हा अभ्यास रोबोटिक शस्त्रक्रियेचा नसल्याने आठवड्याचे अंतर तेथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. परंतु प्रशिक्षणानंतर लगेच घेतलेली परीक्षा फसवी ठरू शकते, हे त्यातून अधोरेखित होते.

हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरसारख्या गावातील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शहर गाठतो, तेव्हा त्याला शल्यचिकित्सकाच्या हाताची पारख करता येत नाही. तो प्रमाणपत्रावरच विसंबतो. म्हणूनच सलग कार्यशाळेपेक्षा विभागलेला सराव आणि प्रमाणपत्रापूर्वी काही आठवड्यांच्या अंतराने फेरचाचणी आवश्यक ठरते.