देवगांडुळांच्या नव्या जाती : वर्णनात्मक वर्गीकरणाची एक चिकित्सा

मातीत राहणाऱ्या प्राण्याची नवी जाती सिद्ध होते ती प्रामुख्याने मोजमापांच्या आधारे. सूत्रकृमींच्या वर्णनात डी मान यांनी १८८० मध्ये मांडलेली गुणोत्तरे अद्याप प्रमाण मानली जातात. देवगांडुळांच्या बाबतीत वलयांची संख्या, दंतरचना, डोळ्याचे स्थान यांना तेच महत्त्व आहे. अशा वर्णनाकडे ‘कारकुनी विज्ञान’ म्हणून पाहण्याची सवय महाविद्यालयीन वर्तुळात रुजली आहे. ती कितपत रास्त आहे, हे महाराष्ट्रातील दोन जातींच्या आधारे तपासता येते.

मुंबईच्या फोर्ट भागातील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत कार्यरत असताना वरद गिरी यांनी विल्किन्सन व गोवर यांच्यासमवेत २००३ मध्ये आंबोलीच्या गेगेनिओफिस डॅनिएलीचे वर्णन केले. सोसायटीचे ज्येष्ठ अभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्या गौरवार्थ हे नाव दिले गेले. निबंधाचे खरे मोल मात्र नामकरणात नसून, सोबत दिलेल्या ओळखतक्त्यात आहे. नवी जाती वेगळी ठरवताना प्रजातीतील आधीच्या जातींचाही हिशेब द्यावा लागतो, ही शिस्त त्यात पाळलेली दिसते. (वृत्तपत्रे ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात, येथे तो जीनससाठी आहे, हा घोळ मराठीत एकदा मिटावयास हवा.)

त्याच वर्षी रविचंद्रन, गोवर व विल्किन्सन यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथील गेगेनिओफिस शेषाचारी प्रसिद्ध केली. पुढे हीच जाती मूळ स्थळी पुन्हा शोधण्यात आली आणि २००८ मध्ये गोवर, गिरी, धारणे व शौचे यांनी दाखवून दिले की, ती अंडी न घालता पिलांना जन्म देते. आशियातील असा हा पहिला ज्ञात उभयचर. वलये कितीही काटेकोरपणे मोजली तरी ही गोष्ट त्यांतून कळली नसती. वर्णनात्मक पद्धतीची ही मर्यादा मान्य करावीच लागते. परंतु ‘कारकुनी’चा आक्षेप येथेच लटका पडतो. २००३ च्या वर्णनाने नाव व स्थळ निश्चित केले नसते, तर डोर्ल्यात नेमके काय शोधावयाचे आणि सापडलेला प्राणी कोणता, हे ठरवण्यास आधारच उरला नसता.

वरच्या पातळीवरील वर्गीकरण त्यामानाने अस्थिर आहे. २००३ मध्ये दोन्ही जाती सिसिलिइडी कुलात होत्या. २०११ च्या फेरमांडणीत त्या इंडोटिफ्लिडी कुलात गेल्या. जातींची नावे मात्र तीच राहिली.