घर कशाच्या बदल्यात?

मॅल्कम ग्लॅडवेलचा 'मिलियन-डॉलर मरे' हा लेख २००६च्या फेब्रुवारीत 'द न्यू यॉर्कर'मध्ये आला. नेवाडातल्या रीनो शहरात मरे नावाचा एक माणूस रस्त्यावर राहायचा. माजी मरीन, अंगाने आडदांड, दारूत बुडालेला, तरी पोलिसांचा लाडका. पिऊन पडायचा, अँब्युलन्स यायची, हॉस्पिटलची वारी व्हायची, आणि पुन्हा रस्ता. त्याला वर्षानुवर्षं उचलणाऱ्या पोलिसांनी एकदा हिशोब मांडला. दहा वर्षांची बिलं धरली तर त्याच्यासाठी 'काहीच न करण्याचा' खर्च दहा लाख डॉलरच्या घरात जात होता. शेवटी मरे आतड्यातल्या रक्तस्रावाने गेला. देवनागरीत लिहिलं की त्याचं नावच क्रियापद होतं, आणि लेख वाचताना मला ते सारखं टोचत राहिलं.

ग्लॅडवेलचा युक्तिवाद थोडक्यात असा: बेघरांचा प्रश्न सरासरीचा नाहीच, शेपटीचा आहे. डेनिस कल्हेन या संशोधकाने फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा बहुतेक लोक एक-दोन दिवस राहून कायमचे निघून जातात असं दिसलं. वर्षानुवर्षं अडकून पडणारे साधारण दहा टक्के, पण बराचसा खर्च त्यांच्यावर. मग सगळ्यांना थोडं थोडं सूप आणि ब्लँकेट वाटण्यापेक्षा या मूठभरांना सरळ घर द्यावं, ते स्वस्त पडतं. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे हे लगेच पटतं. लाखो रिक्वेस्टपैकी मोजक्याच सर्व्हरचा जीव खातात, आणि त्या शोधून दुरुस्त करणं हे आमचं रोजचं काम. लेख जगभर वाचला गेला त्याचं एक कारण हेच असावं. तो दयेची भीक मागत नाही, थेट बिल पुढे ठेवतो.

आणि बिल खरंही ठरलं. लेखाच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २००५मध्ये, सिएटलमध्ये '१८११ ईस्टलेक' नावाची इमारत उघडली होती. ७५ जणांची सोय, सगळे जुने, अट्टल दारुडे, तेही सरकारी खर्चाच्या यादीत सर्वात वरचे. अट एकही नाही. उपचार घ्यायची सक्ती नाही, आपल्या खोलीत बसून प्यायला मोकळीक. लोकांनी अर्थातच बोंब मारली, की आमच्या करातून बेवड्यांना घरं? २००९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात तिथला अभ्यास छापून आला. घर मिळण्याआधी माणशी महिन्याचा सरकारी खर्च (मीडियन) ४,०६६ डॉलर होता. सहा महिन्यांनी तो १,४९२वर आला आणि वर्षाने ९५८वर.

पण माझ्या मते त्या अभ्यासातला महत्त्वाचा आकडा डॉलरचा नाही. घर मिळण्याआधी ही माणसं रोज सुमारे १५.७ ड्रिंक्स घ्यायची. वर्षभराने १०.६.

हा आकडा यश आहे की अपयश? दारू सुटली का, एवढंच विचारायचं ठरवलं तर अपयश. दिवसाला दहा ड्रिंक्स पिणारा माणूस कुठल्याही अर्थाने 'सुधारलेला' नाही. पण कुणी सक्ती केलेली नसताना, बाटली हाताशी असताना, एक तृतीयांश दारू कमी झाली. कारण फार गूढ नसावं. पिऊन आलेल्याला आत न घेणाऱ्या निवाऱ्यात रात्र काढायची तर दाराबाहेरच बाटली संपवावी लागते. रस्त्यावर बाटली ठेवली तर चोरीला जाते, म्हणून घटाघट पितात. थंडीत झोप लागावी म्हणून पितात. दाराला कडी असली की यातली बरीच घाई आपोआप संपते. हार्म रिडक्शन म्हणतात ते हेच. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस मरू नये आणि नुकसान होईल तितकं कमी व्हावं.

आपल्याला हे पचायला जड जातं, त्यात भाषेचाही वाटा आहे असं मला वाटतं. मराठीतला रुळलेला शब्द 'व्यसनमुक्ती'. मुक्ती म्हणजे आर किंवा पार, ती पस्तीस टक्के मिळत नाही. १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं, तिथून हजारो घरं सावरली, आणि त्या कामाचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण मुक्ती ज्याच्या आवाक्यात नाही, निदान आज नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्दच नाही. 'सुटत नाही तर मर' हे आपण बोलत नाही, पण शब्दांच्या त्या रिकाम्या जागेत ते असतं.

आता ग्लॅडवेलकडे परत. त्याचं गणित चुकलेलं नाही, पण ते कुठवर पुरतं? कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत 'ॲट होम' हा प्रचंड प्रयोग केला. मानसिक आजार असलेले दोन हजारांहून अधिक बेघर लोक त्यात होते, आणि काहींना कुठल्याही अटीविना घर व मदत देऊन बाकीच्यांशी तुलना केली गेली. घर मिळालेले घरात टिकले. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. आणि खर्चाचं म्हणाल, तर सर्वात महागड्या दहा टक्के लोकांवर गुंतवलेल्या दर १० डॉलरमागे २१.७२ डॉलर वाचले. ज्यांची गरज मध्यम होती त्यांच्या बाबतीत वाचले फक्त ३.४२.

ग्लॅडवेलच्या तर्काने चालायचं तर हे दुसरे लोक घरासाठी नापास. कोपऱ्यात गुपचूप पडून राहणारा, अँब्युलन्स न बोलावणारा, कुणाच्या डॅशबोर्डवर लाल न दिसणारा माणूस 'स्वस्त' असतो. त्याला घर हवं असेल तर त्याने आधी महाग व्हायला हवं. असा उपाय लायक माणसाला डावलून नालायकाला खास वागणूक देतो आणि न्यायापेक्षा कार्यक्षमतेला वर बसवतो, हे ग्लॅडवेल स्वतः मान्य करतो. उजव्यांना आणि डाव्यांना दोघांनाही हे रुचणार नाही, हेही तो सांगतो. पण सांगून पुढे निघून जातो. लेख संपला तरी मरेला घरात नक्की काय हवं होतं, हे आपल्याला कळत नाही. त्याला कुणी विचारलंय असंही दिसत नाही.

ही उणीव गाबोर माटेचं 'इन द रेल्म ऑफ हंग्री घोस्ट्स' (२००८) भरून काढतं. माटे व्हँकूवरच्या डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये पोर्टलँड हॉटेल सोसायटीचा डॉक्टर होता. ज्यांना दुसरं कुणी भाड्याने खोली देणार नाही, अशांना ही संस्था घर देते आणि नशा करतात म्हणून हाकलत नाही. त्याच्या पुस्तकातले लोक बोलतात, थापा मारतात, भांडतात, विनोद करतात. माटे स्वतःच्या क्लासिकल सीडी खरेदीच्या वेडाबद्दलही लिहितो आणि 'ते' आणि 'आपण' यातली भिंत खाली आणतो. पण त्याचीही एक लकब आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या व्यसनामागे तो बालपणीची जखम शोधतो, आणि बहुतेकदा ती सापडते. वाचताना आपली करुणा त्या जखमेवर अवलंबून राहू लागते. मग ज्याचं बालपण बरं गेलं आणि तरीही जो नशेत बुडाला, त्याचं काय?

म्हणजे ग्लॅडवेलच्या वाचकाला खर्चाचा दाखला लागतो, माटेच्या वाचकाला दुःखाचा. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिसने 'आधी घर' ही पद्धत सुरू केली, तेव्हा त्याने जुनी शिडी उलटी केली होती. आधी दारू सोड, मग उपचार घे, मग लायक ठरलास तर घर, हा क्रम मोडून घर पहिल्या पायरीवर आणलं. गंमत अशी की त्या कल्पनेची बाजू मांडणारं आपलं उत्तम लेखनही मागच्या दाराने दाखला मागतंच.

हा नुसता शैलीचा मुद्दा नाही. बुश सरकारच्या काळात अमेरिकेत ही पद्धत फोफावली, त्यात पैसे वाचतात या युक्तिवादाचा मोठा हात होता. २४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी एका आदेशावर सही करून 'आधी घर' आणि हार्म रिडक्शन या दोन्हींचा सरकारी आधार काढून घ्यायला सांगितलं. वीस वर्षं 'हे स्वस्त आहे' असं सांगितलं, की समोरचा एक दिवस 'तुरुंग आणि सक्तीचे उपचारच बरे' म्हणू शकतो, आणि मग आपल्याजवळ दुसरं उत्तर नसतं. आकडे मांडावेत, मीही मांडले. पण पंधरावरून दहावर आलेल्या त्या माणसाला घर का, तर डॉलर वाचतात म्हणून नाही आणि त्याचा बाप वाईट होता म्हणूनही नाही. बाहेर थंडी आहे आणि तो अजून जिवंत आहे, एवढं कारण पुरेसं मानणारं लेखन मला वाचायचं आहे.