आधी हात कुणी उचलला?

आंदोलन पेटले की मतदार घाबरतो आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ म्हणणाऱ्या उमेदवाराच्या मागे जातो, असे आपण सहज बोलून जातो. या समजाला अभ्यासाचा आधार अमेरिकेत सापडतो. ओमर वासो यांनी तेथील १९६० च्या दशकातील कृष्णवर्णीयांच्या आंदोलनांवर लिहिलेला निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल १९६८ मध्ये अनेक शहरांत दंगली उसळल्या. जिथे पाऊस झाला तिथे लोक रस्त्यावर कमी उतरले. हा फरक धरून वासो यांनी हिशेब मांडला, की दंगलींमुळे गोऱ्या मतदारांची १.५ ते ७.९ टक्के मते रिपब्लिकन पक्षाकडे सरकली. त्याच वर्षी रिचर्ड निक्सन सुव्यवस्थेची भाषा बोलत अध्यक्ष झाले. निबंधाची दुसरी बाजूही तितक्याच मोलाची आहे: शांत निदर्शकांवर पोलीस तुटून पडले, तर सहानुभूती निदर्शकांकडे जाते.

हे माप मराठवाड्याला लावून पाहण्याजोगे आहे, कारण आपण नुकतेच दोन्ही प्रकार अनुभवले.

१ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. दगड आधी आला की लाठी आधी, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे. पण गावोगावी मोबाइलवर फिरली ती लाठी. तीनच दिवसांनी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. पुढे लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मराठवाड्यातील आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या. आमचा औसा तालुका जिल्ह्याने लातूरचा, लोकसभेला मात्र उस्मानाबादचा. तिथे ओमराजे निंबाळकर तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. सोयाबीनचा पडलेला भाव आणि संविधानाची चर्चा ही कारणेही होतीच. तरीही इथवर वासो यांचे माप चुकत नाही.

चुकते ते पुढे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली. माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके आणि बीडचे आमदार संदीप क्षीरसागर यांची घरे पेटवली गेली. एक अजित पवारांच्या बाजूचे, दुसरे शरद पवारांच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघेही पुन्हा निवडून आले. जाळपोळीने मतदार एकाच बाजूला ढकलला गेला असता, तर असे घडले नसते. औशातही तेच. ज्या फडणवीसांवर आंदोलनाचा सर्वाधिक रोष होता, त्यांचेच एकेकाळचे स्वीय सहायक अभिमन्यू पवार येथून दुसऱ्यांदा आमदार झाले.

पाच महिन्यांत लोक लाठीमार विसरले, असा निष्कर्ष काही जण काढतात. लाडक्या बहिणीच्या दीड हजारांनी सगळे धुऊन काढले, असे दुसरे म्हणतात. योजनेचा परिणाम मी नाकारत नाही. जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचा निर्णय घेतला, तेही विसरता येत नाही. पण या दोन्ही निष्कर्षांत मतदाराला विसराळू किंवा विकाऊ ठरवले जाते, आणि माझा आक्षेप तिथे आहे. माझ्या मते मतदार दोन वेगळे प्रश्न विचारतो. आधी हात कुणी उचलला, हा पहिला. त्या हातामागे हा समोरचा उमेदवार होता का, हा दुसरा. लोकसभेला पहिला प्रश्न मोठा ठरला, कारण मत सरकारला निरोप म्हणून द्यायचे होते. विधानसभेला दुसरा मोठा झाला. तिथे शेतरस्ता, रोहित्र, दवाखान्यातली ओळख यांचा हिशेब माणसागणिक होतो.

या मांडणीत एक धोका आहे आणि तो मला टाळायचा नाही. ‘सुव्यवस्था’ हा केवळ सत्तेचा शब्द आहे असे मानले, तर ज्याचे घर जळाले त्याचे काय? १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबडच्या ओबीसी मेळाव्यात छगन भुजबळ बोलले, तेव्हा बीडच्या जाळपोळीने धास्तावलेल्यांना तो आपला आवाज वाटला. लाठीमार एका आळीत ऐकू गेला, जाळपोळ दुसऱ्या आळीत. मराठवाड्यातला मतदार अशांतता जातीच्या भिंतीआडून ऐकतो. वासो यांच्या अमेरिकेत ती वर्णाच्या भिंतीआडून ऐकली गेली.

याची जुनी खूण १९७८ ची आहे. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळाल्या. तेव्हा सुव्यवस्थेची खरी गरज त्या वस्त्यांना होती. प्रत्यक्षात ठराव थांबला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. साडेपंधरा वर्षे. जाळणाऱ्यांना आवरण्याऐवजी मागणाऱ्यांनाच थांबायला लावले गेले.

म्हणून पुढच्या निवडणुकीत व्यासपीठावरून हा शब्द ऐकू आला, की मी एवढेच तपासणार आहे: बोलणाऱ्याला कुणाचे जळालेले घर दिसते आणि कुणाचे दिसत नाही. उमेदवाराची पारख तिथे होते. आणि त्या घटकेला आपण कोणत्या आळीत उभे राहून ऐकतो आहोत, यावरून आपलीही.